पेन भरलेलं, तरी कोरडं. नाहीतर टोपण उघडताच डाग: दोष नेमका कुठे शोधायचा?

तक्रार साधारण अशी असते. पेन धुतलं, नवी शाई भरली, पहिलं पान झकास उतरलं आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर अक्षरं फिकट व्हायला लागली. झटकलं की चार ओळी चालतं, पुन्हा थांबतं. उघडून बघावं तर आत शाई भरपूर. नाहीतर याच्या बरोबर उलट: सकाळभर नीट चाललेलं पेन दुपारी एकाएकी निबच्या टोकाशी थेंब सोडतं आणि वहीवर भलामोठा डाग. मग निब बदला, शाई बदला, कागद बदला असे उपाय सुरू होतात. यातले बरेचसे वाया जातात, कारण पहिला प्रश्न विचारलेलाच नसतो: या पेनात शाई भरते कशी?

भरण्याच्या पद्धती म्हटलं की ती संग्राहकांची हौस वाटते. पण दोष शोधायचा तोच जवळचा रस्ता आहे. तेच लक्षण कन्व्हर्टरच्या पेनात एका कारणाने दिसतं, ड्रॉपरने भरायच्या पेनात दुसऱ्याच कारणाने, आणि व्हॅक्यूम पेनात तर कित्येकदा तो दोषच नसतो.

शाईपेक्षा हवेकडे बघा

तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं आणि थांबतं. दुसरं भोक पाडलं की धार लागते. पेनाचंही हेच आहे, फक्त दुसरं भोक पाडायची सोय नाही. टाकी मागून बंद असते. जेवढी शाई कागदावर गेली तेवढीच हवा त्याच तोंडातून आत यायला हवी. हे काम निबखालच्या जिभेचं, म्हणजे फीडचं. लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली अमेरिकेत पेटंट घेतलं ते अशाच जिभेसाठी: एक खोबण आणि तिच्या तळाशी अगदी बारीक चिरा, म्हणजे शाई पुढे येत असतानाच हवा मागे जाऊ शकते. आजच्या जिभांना खालच्या अंगाला ज्या आडव्या खाचा दिसतात त्या शोभेच्या नाहीत. जास्तीची शाई त्या खाचांत थोपून राहते, म्हणून थेंब पडत नाही.

एवढं लक्षात आलं की चारही नेहमीच्या तक्रारी एकाच सूत्रात बसतात. हवा आत आली नाही तर पेन कोरडं पडतं. आतली हवा फुगली तर पेन थेंब सोडतं. जोडातून भलतीकडूनच हवा शिरली तर ते अनावर ओलं लिहितं. आणि भरताना हवा बाहेर निघाली नाही तर पेन अर्धंच भरतं. पुढे जे काही सांगितलंय ते या चार वाक्यांचाच विस्तार आहे.

आपलं पेन कुठल्या जातीचं?

मागचा भाग आट्यांवरून उघडून बघा. आत सुटी नळी निघाली, मागे फिरवायची खुंटी असलेली, तर कन्व्हर्टर. पातळ प्लास्टिकची बंद नळी असेल तर कार्ट्रिज. काहीच नसेल आणि पोटात थेट शाई असेल तर ड्रॉपरचं पेन. उघडताना शाई सांडू नये म्हणून निब वर धरा. पोट उघडतच नाही, पण शेपटीची खुंटी फिरते आणि आत दट्ट्या सरकताना दिसतो, तर पिस्टन. खुंटी फिरवून लांब दांडी बाहेर ओढता आली तर व्हॅक्यूम. पोटाच्या कडेला धातूची तरफ असेल, किंवा शेपटीची टोपी काढल्यावर दाबायचं बटण दिसलं, तर आत रबरी पिशवीचं जुनं पेन. दाबायची धातूची पट्टी असलेली नळीही एक असते. तिचं वागणं पिशवीच्या पेनासारखंच.

एक सावधगिरी. न उघडणारं पेन जोर लावून उघडू नका. पकड तर मुळीच लावू नका. जुन्या पेनांचे मोडलेले भाग बघितले तर त्यातले कितीतरी असेच मोडलेले असतात.

कन्व्हर्टर आणि कार्ट्रिज

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या, म्हणून जरा सविस्तर.

पेन कोरडं पडलं त्या क्षणी झटकू नका. निब खाली ठेवूनच पोट अलगद उघडा आणि नळीत शाई कुठे आहे ते बघा. हे दोन सेकंदांचं बघणं अर्धं निदान करून देतं.

शाई नळीच्या मागच्या टोकाला चिकटून लटकलेली आणि तोंडाशी हवेचा बुडबुडा असेल, तर जिभेपर्यंत शाई पोचतच नाहीये. नळी अरुंद, शाई प्लास्टिकला ओलं करत नाही, आणि पृष्ठताणामुळे शाईचा गोळा जागचा हलत नाही. गुरुत्वाकर्षण आहे, पण एवढ्याशा वजनावर त्याचं काही चालत नाही. नळीवर नखाने टिचकी मारा. गोळा घसरून खाली आला आणि पेन चालू झालं की कारण पक्कं. यावर कायमचा उपाय म्हणजे नळीत काहीतरी हलतं ठेवणं. काही कन्व्हर्टरमध्ये कारखान्यातूनच बारीक गोळ्या किंवा स्प्रिंग टाकलेली असते. पायलटच्या कॉन-४० मध्ये खुळखुळणाऱ्या धातूच्या गोळ्या आहेत त्या यासाठीच. पुष्कळांना तो आवाज ऐकून काहीतरी तुटलं असं वाटतं. आपल्या कन्व्हर्टरमध्ये गोळी टाकायची असेल तर ती स्टेनलेस स्टीलचीच हवी. साधं लोखंड शाईत गंजतं आणि तो गंज थेट जिभेत जातो.

भांडी घासायच्या साबणाचा अंश शाईत घालायचा सल्ला तुम्ही ऐकला असेल. चालतो, पण माझं मत विचाराल तर तो शेवटून दुसरा उपाय. काडीच्या टोकाला लागेल तेवढाच साबण, तोही पेनातल्या शाईत, दौतीत नाही. थोडा जास्त झाला की शाई कागदात फुटायला लागते आणि मग तक्रार तिसरीच होते. त्यापेक्षा आधी कन्व्हर्टर कोमट पाण्यात साबणाचा थेंब घालून आतून धुवा. नव्या कन्व्हर्टरमध्ये कारखान्यातलं तेल किंवा ग्रीस राहिलेलं असतं आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं.

आता दुसरी शक्यता. शाई नळीच्या तोंडाशीच आहे, तरी निब कोरडी. अशा वेळी खुंटी किंचित फिरवून शाई पुढे ढकला, निबवर ओल दिसेपर्यंत. जोर लावूनही ओल आली नाही तर जीभ तुंबलेली आहे, धुण्याकडे वळा. ओल आली, पेन काही ओळी दाट लिहून पुन्हा हळूहळू फिकट झालं, तर शाईचा रस्ता मोकळा आहे पण हवा मागे जात नाही. जिभेची हवेची खोबण वाळलेल्या शाईने भरली असेल, नाहीतर निब आणि जीभ एकमेकांवर नीट बसलेल्या नसतील. जीभ बाजूला सरकली असेल तर निबच्या चिरेखाली खोबण येत नाही. डोळ्यासमोर पेन उलटं धरून निबची चीर आणि जिभेचा मध्य एका रेषेत आहेत का ते बघा. हा साधा दोष माणसं महिनोन्महिने बघत नाहीत.

तिसरी शक्यता: नळी पूर्ण बसलेलीच नाही. आत मान (निबमागचा, बोटांनी धरायचा भाग) आणि नळी यांच्या जोडाशी ओल दिसत असेल, किंवा पेन नेहमीपेक्षा फारच ओलं लिहीत असेल, तर जोडातून हवा शिरतेय. इथे मापाचा घोळ असतो. ‘स्टँडर्ड इंटरनॅशनल’ नावाचं एक माप बऱ्याच युरोपीय कंपन्या वापरतात. त्यातलं लहान कार्ट्रिज साधारण ३८ मिलिमीटर लांब आणि त्यात जेमतेम पाऊण मिलिलिटर शाई. पण पायलट, प्लॅटिनम, सेलर, लॅमी, पार्कर यांची मापं आपापली. ‘दाबून बसवलं, बसलं’ हा पुरावा नव्हे. दुसऱ्या मापाचं कार्ट्रिज दाबून बसतंही, आणि दोन दिवसांनी पोटात शाई जमते. शिवाय एकच कार्ट्रिज सिरिंजने पुन्हापुन्हा भरत असाल तर त्याचं तोंड सैल पडतं. काटकसर चांगली, पण तोंड सैल झालं की ते कार्ट्रिज टाका.

नवं कार्ट्रिज बसवल्यावर पेन चालू होत नाही ही तक्रार तर फारच सोपी. आतला पडदा किंवा गोळी सुटलीय ना ते बघा, कार्ट्रिजच्या पोटावर बोटांनी अगदी हलका दाब द्या आणि निब खाली करून पेन थोडा वेळ उभं ठेवा. सुक्या जिभेला ओलं व्हायला वेळ लागतो.

आणि अर्धंच भरण्याची तक्रार. कन्व्हर्टर एका दमात पूर्ण भरत नाही, कारण पहिल्या ओढीत जिभेतली हवा आत येते. निब पूर्ण बुडवा, म्हणजे मानेची कडा शाईला टेकेपर्यंत. निबच्या वरचं भोक शाईबाहेर राहिलं की पिस्टन हवाच ओढणार. एकदा भरा. पेन दौतीतून काढून निब वर करा, वर जमलेली हवा खुंटी फिरवून बाहेर काढा, शाई निबच्या बुडाशी डोकावली की थांबा आणि खुंटी तशीच ठेवून पुन्हा बुडवून भरा. भरल्यावर लगेच बाहेर काढू नका, दहापर्यंत मोजा. जीभ शाई पिऊन घेते. शेवटी दोनतीन थेंब परत दौतीत सोडा आणि निब वर करून तेवढी हवा आत घ्या. हा शेवटचा टप्पा गाळला की जिभेच्या खाचा काठोकाठ भरलेल्या राहतात आणि पहिल्याच ओळीवर थेंब पडतो. ‘नुकतंच भरलं की गळतं’ अशी तक्रार असेल तर बहुतेक एवढंच कारण असतं.

पायलटच्या कॉन-७० ला खुंटी नाही, मागे दाबायचं बटण आहे. निब शाईत ठेवूनच ते पुन्हापुन्हा दाबायचं. मध्येच बाहेर काढलं तर हवा जाते आणि सगळं पहिल्यापासून. पट्टी दाबायच्या नळीचंही तसंच. त्यात एक बारीक हवानळी असते, तिच्या उंचीपर्यंतच शाई चढते, म्हणून ‘पूर्ण भरत नाही’ म्हणून तिच्याशी झगडण्यात अर्थ नाही. काही जुन्या पेनांच्या नळीवरच किती वेळा दाबायचं ते छापलेलं असतं. ते वाचा. पेन बनवणाऱ्याला माहीत होतं.

ड्रॉपरचं पेन: थेंब येतो कुठून?

पोटातच शाई, म्हणजे तीन-चार मिलिलिटर साठा, आणि बिघडायला आत एकही सुटा भाग नाही. मला हाच प्रकार सगळ्यात आवडतो. पण थेंब टाकण्याची खोडही याचीच, आणि ती का हे आकड्यांत बघण्यासारखं आहे.

पोटात अडीच मिलिलिटर हवा आहे असं धरा, म्हणजे शाई बरीच संपलेली. पेन २५ अंशांवर होतं, तुमच्या पंज्यात धरून ते ३५ अंशांपर्यंत तापलं. दहा अंशांच्या वाढीने हवा सुमारे ३.४ टक्के फुगते. अडीच मिलिलिटरच्या हिशेबाने ती वाढ झाली सुमारे ०.०८ मिलिलिटर. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. म्हणजे दीड थेंबाहून जास्त शाई बाहेर ढकलली जाणार, आणि जिभेच्या खाचा आधीच ओल्या असतील तर ती थेट कागदावर. आता हाच हिशेब कन्व्हर्टरचा करा: अर्धा मिलिलिटर हवा, वाढ ०.०१७, म्हणजे थेंबाचा तिसरा हिस्सा. जिभेच्या खाचांना तो सहज पेलतो. दोष पेनाचा नाही, पोटातल्या हवेच्या आकाराचा आहे.

म्हणूनच हे पेन भरलेलं असताना गुणी असतं आणि शाई तळाला गेली की डाग पाडतं. उपाय त्यातूनच निघतो: शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली की भरून टाका. पेन थंड जागेतून आलं असेल तर टोपणासकट निब वर करून थोडा वेळ हातात धरा, मग लिहा. फुगलेली हवा वरूनच निघून जाईल. शर्टाच्या खिशात ठेवायचं तर निब वर. धातूच्या पोटाचं पेन हाताची उष्णता पटकन आत पोचवतं, एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, जाड पोट बरंच रोखतं. ड्रॉपरच्या पेनांसाठी एबोनाइटला अजूनही मान आहे त्यात हेही एक कारण. काही जपानी पेनांत तर शेपटीची खुंटी घट्ट केली की पोट आणि जीभ यांच्यामधली वाटच बंद होते.

पण थांबा, तो थेंब निबमधूनच येतोय ना? आट्यांतून झिरपणं हा वेगळा दोष आहे आणि त्याची सरमिसळ फार होते. बोटांना शाई लागते म्हणजे पेन निबमधून गळतं असं नाही. तपासायचं असं: पेन पुसून कोरडं करा, मान आणि पोट यांच्या जोडाभोवती टिपकागदाची पट्टी गुंडाळा, टोपणाच्या आतही एक तुकडा सरकवा आणि रात्रभर निब खाली करून ठेवा. सकाळी कुठला कागद रंगलाय ते बघा. जोडाचा रंगला तर आटे स्वच्छ पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. पातळ म्हणजे आटे चमकतील एवढाच. जास्तीचं ग्रीस आत सरकून जिभेपर्यंत गेलं तर शाई तिला ओलं करत नाही आणि मग कोरडेपणाची तक्रार पदरात पडते. ग्रीसच्या जागी व्हॅसलीन लावायचा मोह टाळा. पेट्रोलियम जेलीने रबराचे वॉशर फुगतात आणि सैल पडतात.

कार्ट्रिजचं पेन ड्रॉपरचं करून घेणाऱ्यांसाठी दोनच अटी, पण त्या सोडता येत नाहीत. पोटाला कुठेही भोक नको आणि पोटात कुठे धातू नको. लॅमी सफारीला शाई दिसायची खिडकी म्हणजे आरपार भोकच आहे, त्यामुळे ते या कामाचं नाही. धातूच्या पोटात शाई भरली तर आतून गंज धरतो. प्लॅटिनम प्रेपीसारखं अखंड प्लास्टिकचं पोट असेल तर ग्रीस आणि एक रबरी वॉशर यांवर काम होतं.

पिस्टन

पेलिकनने १९२९ साली आपलं पहिलं फाउंटन पेन बाजारात आणलं तेव्हापासून हा प्रकार रुळला. हंगेरीच्या थिओडोर कोवाच यांच्या रचनेवर ते आधारलेलं होतं. नीट असलं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

खुंटी जड फिरते ही इथली मुख्य तक्रार. जोर लावू नका. जोराने दट्ट्या सरकत नाही, दांडा मोडतो. आधी कोमट पाण्यात निब बुडवून, खुंटी जेवढी सहज फिरेल तेवढीच मागेपुढे करत राहा. वाळलेली शाई असेल तर सैल पडेल. तरीही कुरकुरत असेल तर ग्रीस संपलंय. आता पेन उघडायचं की नाही हे कंपनीवर अवलंबून आहे. ट्विस्बीची पेनं मालकाने उघडावीत अशीच बनवलेली असतात, डबीत पाना आणि ग्रीसही मिळतं. पेलिकनच्या बऱ्याच पेनांत मात्र पिस्टन दाबून बसवलेला असतो. तो मागून ओढू नका. तिथे निबचा भाग आट्यांवरून सुटतो. तो काढून, काडीच्या टोकाला ग्रीस घेऊन पोटाच्या आतल्या भिंतीला पुसटसं लावा आणि पिस्टन चारपाचदा वरखाली करा. काम झालं.

दट्ट्याच्या मागे शाई दिसायला लागली तर गोष्ट वेगळी. दट्ट्याची कड झिजली किंवा चिरली आहे. थोडी ओल जुन्या पेनात चालते, पण भरण्यागणिक ती वाढत असेल तर ते काम जाणकाराचं.

अर्धं भरण्याची तक्रार इथेही येते, आणि झाकलेल्या निबच्या पेनात जास्त. लॅमी २००० सारख्या पेनात निबचा मोठा भाग आवरणाखाली असतो. दिसतंय तेवढंच टोक बुडवलं तर पेन निम्मी शाई आणि निम्मी हवा घेतं. आवरणाची कडा शाईखाली गेली पाहिजे.

व्हॅक्यूम: दोष नव्हे, झडप

‘एक पान लिहिलं की बंद पडतं, थोडा वेळ ठेवलं की पुन्हा चालतं.’ पेन व्हॅक्यूमचं असेल तर याचं उत्तर एका ओळीचं आहे: शेपटीची खुंटी दोनतीन फेरे सैल करा. पायलट कस्टम ८२३ किंवा ट्विस्बी व्हॅक ७०० यांसारख्या पेनांत दांडीच्या टोकाचं रबर पुढच्या तोंडावर बसून पोट बंद करतं. जिभेत उरलेल्या शाईवर पान-दीड पान होतं, मग संपतं. लांब लिहायचं तर खुंटी सैल, खिशात टाकायचं तर घट्ट. एवढंच. या एका गोष्टीपायी धडधाकट पेनं दुरुस्तीला जातात.

भरताना दांडी पूर्ण बाहेर ओढायची, निब बुडवायची आणि दांडी एका दमात खाली दाबायची. दट्ट्या खाली जाताना मागे पोकळी तयार होते. तळाशी पोट किंचित रुंद होतं, तिथे दट्ट्याची कड सुटते आणि शाई एकदम आत झेपावते. पारदर्शक पोट असेल तर हे बघायला मजा येते. दांडी अडखळत दाबली किंवा घाईने निब बाहेर काढली तर शाई कमी येते. तळाशी गेल्यावर काही सेकंद निब शाईतच राहू द्या. पहिल्या दाबात पोट काठोकाठ भरत नाही, ते तसंच असतं. जोरदार दाबूनही शाई फारशी वर चढत नसेल तर दांडीभोवतीचं किंवा दट्ट्याचं रबर गेलंय.

रबरी पिशवीची जुनी पेनं

तरफ, बटण, पोटाबाहेर आलेली चंद्रकोर. रूपं निराळी, पण आत एकच पिशवी आणि ती दाबायची पट्टी. चंद्रकोरीचं कॉन्क्लिन पेन टेबलावरून घरंगळत नाही म्हणून मार्क ट्वेनला आवडायचं. तरफेचं पेटंट वॉल्टर शेफर यांना १९०८ साली मिळालं. ही पेनं भरत नाहीत त्याचं कारण दहातल्या नऊ वेळा वाळून कडक झालेली पिशवी. पेन कानाशी हलवा. खडखड ऐकू आली तर पिशवीचे तुकडे झालेत. तरफ उचलताना अडली तर तिथेच थांबा. कडक पिशवीवर तरफ रेटली तर तरफेची खीळ तरी तुटते, नाहीतर पोटाला तडा जातो.

खडखड नसेल तर पाण्याच्या पेल्यात निब बुडवून तरफ उचला. बुडबुडे आले पाहिजेत. तरफ खाली केल्यावर सातआठ सेकंद थांबा, पेन बाहेर काढा आणि पुन्हा तरफ उचलून किती पाणी निघतं ते बघा. बुडबुडे येतात पण पाणी निघत नाही, म्हणजे पिशवीला भोक आहे किंवा ती मानेवरून सुटलीय. नवी पिशवी मानेवर लाखेच्या पातळ द्रावाने चिकटवतात आणि घासू नये म्हणून वरून शुद्ध टाल्क लावतात. सुवासिक पावडर नको. मान पोटातून काढायला कोरडी, सौम्य उष्णता देतात. गरम पाण्यात मात्र बुडवायचं नाही, कारण काळ्या एबोनाइटचा रंग उडून ते तपकिरी-हिरवट पडतं आणि ते परत येत नाही. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या पेनांचं प्लास्टिक, तर भडकन पेट घेणारं. ज्योत जवळसुद्धा नको.

पार्कर व्हॅक्युमॅटिक आणि शेफर स्नॉर्कल या गुंतागुंतीच्या जुन्या पेनांच्या वाटेला घरी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पार्कर ६१ चं नाव मात्र घ्यायला हवं. १९५६ च्या या पेनात हलणारा भागच नव्हता. मागचं टोक दौतीत उभं करायचं, आतली गुंडाळी शाई आपोआप शोषून घ्यायची. वाळलेली शाई त्या गुंडाळीतून काढणं म्हणजे चिकाटीची परीक्षा.

विमानात

आकाशात केबिनमधला दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशपर्यंत उतरतो. पोटातल्या एक मिलिलिटर हवेला १.३ मिलिलिटर जागा हवी असते. हाताच्या उष्णतेचा वर हिशेब केला त्याच्या जवळपास दसपट हा मामला आहे. पेन काठोकाठ भरलेलं ठेवा किंवा पूर्ण रिकामं. विमान वर चढत असताना निब वर. अर्धवट भरलेलं ड्रॉपरचं पेन सोबत नेऊ नका. व्हॅक्यूमचं पेन खुंटी घट्ट करून बिनधास्त न्या.

धुणं, आणि दुरुस्ती झाली का ते बघणं

साधं गार किंवा कोमट पाणी. फार घट्ट बसलेल्या शाईसाठी पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मग पुन्हा नुसतं पाणी. स्पिरिट, अल्कोहोल, ॲसिटोन यांपैकी काही नको. बरीच प्लास्टिकं त्याने तडकतात किंवा विरघळतात. चित्रकारांची लाखमिश्रित काळी इंडिया इंक एकदा भरली की ती जिभेतच वाळून बसते, म्हणून तिला फाउंटन पेनापासून लांबच ठेवा.

धुतल्यावर, ग्रीस लावल्यावर किंवा कन्व्हर्टर बदलल्यावर लगेच शाई भरू नका. पेन पाण्याने भरा, टिपकागदावर निब खाली करून, पण टोक कागदाला न टेकवता, काही तास उभं करा. निबच्या टोकाखाली ओलीचा लहान ठिपका चालेल. कागद पसरट भिजला किंवा जोडाशी थेंब दिसला तर अजून कुठूनतरी हवा शिरतेय. जोड पुन्हा बघा. कागद पूर्ण कोरडा राहिला तर निबचं टोक त्याला नुसतं टेकवा. ओल लगेच शोषली गेली की शाईला वाट आहे, आणि मग शाई भरायला हरकत नाही.